व्हॉल्व्हचा रेडिओ पुन्हा सुरात आणायचा असेल तर स्क्रूंना सगळ्यात शेवटी हात लावा

आमच्या आत्याचा रेडिओ माझ्याकडे आला तेव्हा तो बंद नव्हता, चालू होता, आणि हीच केस सगळ्यात अवघड असते. बंद सेटमध्ये कुठेतरी एक गोष्ट गेलेली असते, ती सापडली की काम झालं. हा सेट बोलत होता, पण पुणे स्टेशन डायलवर जिथे लागायला हवं तिथून दोन बोटं डावीकडे लागायचं, मुंबई रात्रीची सुद्धा जेमतेम ऐकू यायची, आणि शॉर्टवेव्हवर नुसती खरखर. मागचा पुठ्ठा काढून बघितलं तर आयएफटीच्या (आयएफ म्हणजे सगळी स्टेशनं सेटमध्ये ज्या एका ठराविक फ्रिक्वेन्सीवर आणली जातात ती, आणि आयएफटी म्हणजे तिच्या कॉइलींचे डबे) चारही स्क्रूंवरचं मेण फुटलेलं, एकाची खाच तर पार चेचून गेलेली. म्हणजे आवाज कमी येतोय म्हणून कोणीतरी कधीतरी पेचकस घालून सगळे स्क्रू फिरवून बघितले होते.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो, बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल: रेडिओ हळू बोलतोय, स्टेशन सरकलंय, तर स्क्रू फिरवू नका. कारखान्यात बसवलेलं अलाइनमेंट, म्हणजे या स्क्रूंचा आपसातला मेळ, पन्नास-साठ वर्षांत थोडंसं सरकतं, एवढं सरकत नाही की सेट मुका व्हावा. सेट मुका होतो तो कंडेन्सर लीक झाल्याने, रेझिस्टन्सची किंमत वाढल्याने, गँगचा (स्टेशन बदलताना फिरणारा पात्यांचा कंडेन्सर) कॉन्टॅक्ट गंजल्याने किंवा व्हॉल्व्ह थकल्याने. हे सगळं आधी नीट करा, मग मोजा, आणि मगच स्क्रूंकडे वळा. बिघडलेल्या सेटवर अलाइनमेंट केलं तर बिघाड दुरुस्त झाल्यावर ते परत करावंच लागतं, म्हणजे मेहनत दुप्पट.

मी इथे आपल्याकडे घरोघरी असायचा तो साधा सेट धरून चाललोय. ट्रान्सफॉर्मरवाला, पाच व्हॉल्व्हचा: ईसीएच ८१ मिक्सर आणि ऑसिलेटर (सेटच्या आतच सिग्नल तयार करणारा भाग), ईबीएफ ८९ आयएफ आणि डिटेक्टर, मग एक ऑडिओचा ट्रायोड, आउटपुटला ईएल ८४ आणि रेक्टिफायर ईझेड ८०. तुमच्याकडे यातला एखादा वेगळा असेल, पद्धत तीच राहते.

पण एक तपासा, आधी तपासा. व्हॉल्व्हांची नावं ई ऐवजी यू ने सुरू होत असतील, यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५ असं काही, तर तो एसी-डीसी सेट आहे, त्यात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चासी (भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा) थेट लाइनला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की अख्ख्या चासीवर २३० व्होल्ट. असा सेट वन-टू-वन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असल्याशिवाय उघडून चालू करायचा नाही, सिग्नल जनरेटरची (हवी ती फ्रिक्वेन्सी देणारं यंत्र) अर्थ सेटच्या चासीला लावायची नाही, आणि अर्थची वायर तर अजिबात नाही. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमध्ये सुद्धा आत २५० व्होल्ट डीसी असतो आणि सेट बंद केल्यावर तो फिल्टर कंडेन्सरमध्ये बसून राहतो, म्हणून १० किलोओमचा ५ वॉटचा रेझिस्टन्स दोन वायरींना लावून ठेवा, सेट बंद केला की तो कंडेन्सरच्या प्लस आणि चासीमध्ये थोडा वेळ धरा, मीटरने शून्य बघा, मगच आत हात. चालू सेटवर मोजताना डावा हात पाठीमागे. आमच्या भागातले जुने मेकॅनिक असेच काम करायचे, पायाखाली लाकडी पाट घेऊन.

पहिला दिवस: प्लग लावायचा नाही

सेट घरी आला की सगळ्यांना तो लावून बघायचा असतो, मलाही असतो, पण थांबा. वीस वर्षं माळ्यावर पडलेल्या सेटचा फिल्टर कंडेन्सर एकदम लाइन दिल्यावर शॉर्ट होऊ शकतो आणि मग रेक्टिफायर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जातात, आणि तो ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळत नाही, गुंडाळून घ्यावा लागतो.

चासी बाहेर काढा. नॉब ओढून किंवा मागचा छोटा स्क्रू सोडून निघतात, खालून चार बोल्ट, स्पीकरच्या वायरी. काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या, दहा नाही, पन्नास घ्या, विशेषतः डायलची दोरी कुठून कुठे गेलीय त्याचे. डायलच्या काचेबद्दल मी हात जोडून सांगतो, तिच्या मागच्या बाजूला स्टेशनांची नावं रंगाने छापलेली असतात आणि तो रंग आता कागदी झालेला असतो, ओलं फडकं फिरवलंत तर मुंबई, दिल्ली, सिलोन सगळं फडक्यावर येतं. पुढची बाजू पुसा, मागची नुसती मऊ ब्रशने झटका.

धूळ, कोळ्याची जाळी, झुरळांची अंडी, उंदराने कुरतडलेली वायर, हे सगळं ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या बारीक तोंडाने काढा. गँगच्या पात्यांमध्ये मात्र व्हॅक्यूमचं तोंड घुसवू नका, मऊ रंगाचा ब्रश वापरा. कोकणातला सेट असेल किंवा पावसाळ्यात काम करत असाल तर कॉइलींमध्ये ओल असते, चासी एका खोक्यात ठेवून वर ४० वॉटचा साधा बल्ब एक दिवस लावून ठेवा. मी आधी याला फार महत्त्व देत नव्हतो, पण एकदा जुलैमध्ये केलेलं अलाइनमेंट ऑक्टोबरमध्ये सरकलेलं बघितलं तेव्हापासून न चुकता करतो.

कंडेन्सर

सगळ्यात आधी एकच कंडेन्सर बदला: ऑडिओ ट्रायोडच्या प्लेटपासून ईएल ८४ च्या ग्रिडला, म्हणजे २ नंबर पिनला जाणारा. बहुतेक वेळा ०.०१ मायक्रोफॅरडचा असतो, मेणाचा किंवा डांबराचा. हा लीक झाला की ग्रिडवर प्लस व्होल्टेज येतं, ईएल ८४ हवा त्यापेक्षा खूप जास्त करंट ओढतो, लाल होतो, त्याच्यापाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर जातात. खात्री करायची असेल तर सेट चालू असताना, ईएल ८४ काढून ठेवून, बेसच्या २ नंबर पिनवर डीसी मोजा. शून्य यायला हवं. पाव व्होल्ट जरी प्लस दिसला तरी कंडेन्सर काढून टाका. (व्हॉल्व्ह काढल्यावर एचटी, म्हणजे आतलं ते २५० व्होल्टचं डीसी, वर चढतं, म्हणून पटकन मोजून बंद करा.) खरं तर हा कंडेन्सर मी मोजतसुद्धा नाही, पन्नास वर्षांचा कागदी कंडेन्सर चांगला निघालेला मला अजून दिसायचाय. पिवळा पॉलिस्टर ६३० व्होल्टचा लावा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारा, किरकोळ किमतीत येतो.

त्यानंतर बाकीचे कागदी: स्क्रीन बायपास, एव्हीसी (जोरदार स्टेशनचा आवाज आपोआप आवरणारी) लाइनवरचा, टोन कंट्रोलचा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवरचा (हा १००० व्होल्टच्या वरचाच घ्या). एव्हीसीवरच्या कंडेन्सरकडे लोक दुर्लक्ष करतात कारण तिथे व्होल्टेज कमी असतं, पण ती लाइन १ ते २ मेगओममधून येते, तिथे थोडी गळतीसुद्धा एव्हीसी बसवून टाकते आणि मग जवळचं स्टेशन फाटक्या आवाजात येतं. मेन लाइनवर कंडेन्सर असेल तर त्या जागी एक्स २ किंवा वाय २ लिहिलेलाच लावायचा, दुसरा नाही.

फिल्टरचा ॲल्युमिनियमचा डबा, समजा ५० अधिक ५० मायक्रोफॅरड ३५० व्होल्ट, तो जागेवरच ठेवा, दिसायला तो हवाच, पण त्याच्या वायरी सोडवून चासीखाली नवे ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे दोन लावा. ईझेड ८० च्या लगेच नंतरचा कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नका. जास्त मोठा लावला की हम कमी होईल असं वाटतं, पण सुरुवातीच्या धक्क्यात रेक्टिफायरचा कॅथोड झिजतो.

छोटे सिरॅमिक आणि मायका कंडेन्सर, विशेषतः ऑसिलेटर कॉइलजवळचे, त्यांना हात लावू नका. ते सहसा चांगले असतात आणि त्यांच्या किमतीवर अख्खी डायल बसवलेली असते. पॅडर म्हणून जो पाचशे पिकोफॅरडच्या आसपासचा मायका असतो तो बदलला तर डायलचा मेळ पुन्हा बसवणं म्हणजे मोठं काम.

कार्बनचे जुने रेझिस्टन्स वयाबरोबर वाढतात, क्वचितच कमी होतात. एक टोक सोडवून मोजा, २० टक्क्यांच्या वर गेला असेल तर बदला. मेगओमवाले आणि स्क्रीनला जाणारे हमखास वाढलेले असतात.

सिरीज बल्ब लावून पहिली लाइन

सिरीज बोर्ड प्रत्येक वायरमनकडे असतो तसा एक करून घ्या, १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये, एलईडी चालत नाही. मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो २४० किंवा २५० वर. चालू केल्यावर बल्ब थोडा उजळतो, व्हॉल्व्ह तापल्यावर मंद पिवळा राहतो, म्हणजे ठीक. बल्ब पूर्ण प्रकाशात पेटला आणि तसाच राहिला तर लगेच बंद, आत शॉर्ट आहे.

सगळं शांत असेल तर बल्ब काढून थेट लाइन द्या आणि मोजा. ईझेड ८० च्या ३ नंबर पिनवर साधारण २५० ते २८० व्होल्ट. ईएल ८४ चा कॅथोड, ३ नंबर पिन, तिथे ७ व्होल्टच्या आसपास. रेझिस्टन्स १५० ओमचा असेल तर ७ भागिले १५० म्हणजे ४७ मिलीॲम्पिअर, बरोबर तेवढाच हवा. १२-१३ व्होल्ट दिसले तर ग्रिडचा तो कंडेन्सर परत बघा. ईसीएच ८१ च्या १ नंबर पिनवर, स्क्रीनवर, ८० ते १०० व्होल्ट.

आता सगळ्यात कामाचं मोजमाप. ईसीएच ८१ चा ९ नंबर पिन म्हणजे ऑसिलेटरची ग्रिड. तिथे मीटरच्या प्रोबला १०० किलोओमचा रेझिस्टन्स सिरीजमध्ये लावून डीसी मोजा, मायनस यायला हवं, ५ ते १२ व्होल्ट मायनस, आणि गँग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली तरी शून्य व्हायला नको. मायनस आहे म्हणजे ऑसिलेटर चालतोय. अर्ध्या डायलवर आहे आणि अर्ध्यावर नाही, म्हणजे व्हॉल्व्ह थकलाय, किंवा बँड स्विच घाण आहे, किंवा गँगचा कॉन्टॅक्ट गेलाय. आत्याच्या सेटमध्ये हेच होतं, ५५० मीटरच्या टोकाला ऑसिलेटर मरत होता, आणि ज्यांनी कोणी स्क्रू फिरवले ते बिचारे आयएफटीत शोधत बसले.

गँग, बँड स्विच, दोरी

गँगचा फिरणारा भाग चासीला जोडला जातो तो एका पितळी पत्तीतून, ती दांड्याला घासत असते. तिथे जुनं ग्रीस दगड होऊन बसतं, कॉन्टॅक्ट तुटतो, आणि स्टेशन बदलताना खरखर येते, स्टेशन आपोआप सरकतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती पत्ती आणि दांडा धुवा, पत्तीखालून जाड कागदाचा तुकडा ओलावून ओढा, शेवटी कॉन्टॅक्टला नाही तर बेअरिंगच्या गोळ्यांना टोकभर ग्रीस. पात्यांवर गंज काढायचा स्प्रे कधीही मारू नका, त्याची तेलकट फिल्म राहते, धूळ धरते. खरखर एकाच ठराविक जागी येत असेल तर तिथे पाती घासतायत, उजेडासमोर धरून बघा, आणि वाकलेलं एखादं पातं कागदाच्या पट्टीने हळूच मध्ये आणा. गँगची बाहेरची पाती चिरलेली असतात, पाकळ्या असल्यासारखी, त्या कारखान्यात मुद्दाम वाकवून डायलचा मेळ घातलेला असतो, त्यांना सरळ करायला जाऊ नका.

गँगखाली रबराचे बुश असतात. ते कडक झाले किंवा विरघळून गेले की आवाज वाढवल्यावर सेट घुमायला लागतो, कारण स्पीकरच्या धक्क्याने पाती थरथरतात. सायकलच्या ट्यूबचे गोल तुकडे कापून दोन-दोन थर लावले तरी काम होतं.

बँड स्विचला चांगला कॉन्टॅक्ट क्लीनर, अगदी थोडा, ब्रशने लावून वीसेक वेळा फिरवा. बेकेलाइटच्या चकतीवर भिजवू नका.

दोरीसाठी वेणीची नायलॉन दोरी, पतंगाचा मांजा नव्हे आणि मासे पकडायची एकेरी गुळगुळीत तार पण नव्हे, ती दांड्यावर घसरते. दांड्यावर अडीच ते तीन वेढे, ड्रममध्ये स्प्रिंग थोडी ताणलेली. गँग पूर्ण बंद असताना, म्हणजे पाती पूर्ण आत, काटा डायलच्या ५५० मीटरच्या बाजूच्या शेवटच्या खुणेवर यायला हवा. काटा इथे बसल्याशिवाय पुढचं काहीही करू नका, पुढची सगळी मापं या खुणेवरून घ्यायची आहेत.

आता आयएफ

सेट अर्धा तास चालू ठेवा, तापू द्या. घरातले एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करा, मिडियमवेव्हवर यांचाच गोंगाट सगळ्यात जास्त असतो.

आयएफ किती हे सेटच्या मागे किंवा सर्किटवर लिहिलेलं असतं. बहुतेक सेटांत ४५५ किलोहर्ट्झ, फिलिप्सच्या बऱ्याच सेटांत ४५२, इंग्लंडहून आलेल्या काहींमध्ये ४७०. अंदाजाने ४५५ धरून चालू नका, शोधा.

पेचकस लोखंडाचा चालत नाही, लोखंड कॉइलजवळ गेलं की ट्यूनिंग बदलतं, काढलं की परत बदलतं. प्लास्टिकची अलाइनमेंट स्टिक मिळते, नाही मिळाली तर विणायची प्लास्टिकची सुई तासून घ्या, किंवा बांबूची काडी चाकूने पेचकसासारखी चपटी करा. मी बांबूचीच वापरतो, तिचं टोक कोअरच्या (कॉइलच्या आत फिरणारा तो स्क्रू) आधी तुटतं, आणि तेच हवंय.

कोअर फिरवण्याआधी प्रत्येकाच्या वर मार्करने रेघ मारा आणि किती फिरवला ते वहीत लिहा, "पहिली आयएफटी, वरचा, पाव फेरा उजवीकडे" असं. घट्ट असेल तर जोर लावू नका, आत मेण असतं, हेअर ड्रायरने डबा कोमट करा मग फिरतो. आत्याच्या सेटचा तो चेचलेला कोअर वरून फिरेना, पण अशा कोअरला खालच्या बाजूलाही खाच असू शकते, चासी उलटी करून खालून काडी घातली आणि तो निघाला. ते बघितल्यावर मला खूप बरं वाटलं, कारण तशी आयएफटी शोधायला जुन्या बाजारात किती रविवार गेले असते देव जाणे.

सिग्नल जनरेटरवर आयएफची फ्रिक्वेन्सी, ४०० किंवा १००० हर्ट्झचं ३० टक्के मॉड्युलेशन. गँग पूर्ण बंद. जनरेटरची अर्थ चासीला, गरम वायर ०.०१ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून ईसीएच ८१ च्या २ नंबर पिनला. स्पीकरच्या दोन टोकांवर मीटर एसीमध्ये. व्हॉल्यूम पूर्ण, आणि जनरेटरची पातळी जेवढी कमी करता येईल तेवढी कमी, जेमतेम टोन ऐकू येईल एवढीच. पातळी जास्त ठेवली तर एव्हीसी आवाज दाबून धरतो आणि कोअर कुठेही फिरवला तरी मीटर हलत नाही, लोक इथेच फसतात. जसजसा आवाज वाढेल तसतशी जनरेटरची पातळी खाली आणत जा.

क्रम मागून पुढे: दुसऱ्या आयएफटीची सेकंडरी, मग प्रायमरी, मग पहिल्या आयएफटीची सेकंडरी, प्रायमरी. प्रत्येक कोअर मीटर जास्तीत जास्त दाखवेल तिथे. एकदा झाल्यावर परत तोच क्रम, कारण चारही एकमेकांवर परिणाम करतात. कोअर आत नेताना दोन ठिकाणी शिखर मिळू शकतं, एक बाहेर असताना आणि एक पार आत गेल्यावर. सहसा बाहेरचं खरं असतं. आतल्या शिखरावर दोन कोअर एकमेकांच्या फार जवळ येतात आणि बँड बिघडतो.

सगळे स्क्रू कोणीतरी फिरवलेले असतील आणि ४५५ ला काहीच ऐकू येत नसेल तर आधी सिग्नल ईबीएफ ८९ च्या २ नंबर पिनला द्या, फक्त दुसरी आयएफटी जमवा, मग मागे ईसीएच ८१ वर या. एखादा कोअर पूर्ण आतबाहेर केला तरी शिखर मिळतच नसेल तर त्या डब्यातला कंडेन्सर गेलाय, डबा उघडावा लागणार.

जनरेटर नसेल आणि हातात मॉड्युलेशन न देणारं, नुसती फ्रिक्वेन्सी देणारं छोटं डिजिटल मॉड्यूल असेल तरी काम होतं. मीटर एव्हीसी लाइनवर लावा, डिजिटल मीटर १० मेगओमचा असतो तो चालतो, आणि आवाजाऐवजी मायनस व्होल्टेज जास्तीत जास्त करा. तेही नसेल आणि आयएफटी कोणी छेडलेली नसेल तर एखादं कमजोर स्टेशन लावून चारही कोअर फक्त आठवा भाग फेरा इकडे-तिकडे करून बघा. छेडलेल्या सेटवर मात्र ही पद्धत वापरू नका, आयएफ भलतीकडेच जमेल आणि मग डायलचा मेळ कधीच बसणार नाही.

ऑसिलेटर आणि डायलचा मेळ

इथून जनरेटर एरियलच्या जागी. मीटर आणि किलोहर्ट्झचा हिशोब सोपा, ३००००० ला मीटरने भागलं की किलोहर्ट्झ मिळतात, किलोहर्ट्झने भागलं की मीटर. ५०० मीटर म्हणजे ६०० किलोहर्ट्झ, २०० मीटर म्हणजे १५००.

काटा ५०० मीटरवर, जनरेटर ६०० वर, आणि ऑसिलेटर कॉइलचा कोअर फिरवून टोन आणा. मग काटा २०० मीटरवर, जनरेटर १५०० वर, आणि या वेळी कोअर नाही, ऑसिलेटरचा ट्रिमर (थोडा कमी-जास्त करता येणारा छोटा कंडेन्सर). परत ५०० ला या, थोडं सरकलेलं असेल, परत कोअर. परत २००. तीन-चार वेळा केलं की दोन्ही टोकं बसतात. लक्षात ठेवायचं ते एवढंच की ५०० मीटरच्या टोकाला कोअर, २०० मीटरच्या टोकाला ट्रिमर, याची अदलाबदल झाली तर रात्रभर फिरत राहाल.

ट्रिमरचे प्रकार बघून घ्या. मायकाचा दाबायचा असेल तर स्क्रू घट्ट केला की किंमत वाढते. पण बऱ्याच फिलिप्स सेटांत एका बारीक नळीवर तार गुंडाळलेली असते, तार सोडत गेलं की किंमत कमी होते, आणि एकदा सोडलेली तार पुन्हा तशी गुंडाळता येत नाही. तिथे एकेक वेढा, विचार करून.

ऑसिलेटर कॉइल आणि ट्रिमर ओळखायला एक युक्ती. शेजारी साधा ट्रान्झिस्टर ठेवा. आपला सेट ६०० वर असेल तर त्याचा ऑसिलेटर ६०० अधिक ४५५, म्हणजे १०५५ वर चालतो. ट्रान्झिस्टर १०५५ च्या आसपास फिरवला की एका जागी खरखर एकदम दबते, किंवा जवळ स्टेशन असेल तर शिट्टी येते. तो तुमच्या सेटचा ऑसिलेटर. कोणता ट्रिमर हलवल्यावर ही जागा सरकते ते बघा, तो ऑसिलेटरचा. जनरेटर नसलेल्यांना डायल जमवायलाही हे उपयोगी पडतं.

स्टेशनं वापरूनही मेळ घालता येतो. पुणे ७९२, मुंबईचं अस्मिता ५५८ आणि संवादिता १०४४, नागपूर ५८५, जळगाव ९६३, सांगली १२५१. आकाशवाणीचे मिडियमवेव्ह ट्रान्समीटर एकेक करून कमी होतायत, म्हणून आधी ट्रान्झिस्टरवर ऐकून स्टेशन चालू आहे ना हे बघा. आणि एक मोठी चूक टाळा. डायलवर जिथे "मुंबई" किंवा "पुणे" छापलंय तिथे स्टेशन आणायचा हट्ट करू नका. २३ नोव्हेंबर १९७८ ला आपल्याकडची मिडियमवेव्हची स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतरावरून ९ च्या अंतरावर आली, म्हणून आजचे सगळे आकडे ९ ने भागले जातात, करून बघा, ७९२ भागिले ९ बरोबर ८८. त्याआधी छापलेल्या डायलवर नाव आणि स्टेशन जुळणार नाहीच, आणि ती काही सेटची चूक नाही. तुम्ही मीटरच्या आकड्यांवर जमवा: ७९२ म्हणजे ३७९ मीटर, १०४४ म्हणजे २८७, ५५८ म्हणजे ५३८.

ऑसिलेटर झाला की एरियल कॉइल. ६०० वर कोअर, १४०० वर ट्रिमर, दोन्ही जास्तीत जास्त आवाजाला, पुन्हा दोन-तीन वेळा. मधे १००० वर थोडा फरक राहतो, तो राहू द्या, रचनाच तशी असते.

शॉर्टवेव्हला पद्धत हीच, पण दोन भानगडी. एक म्हणजे ट्रिमरवर टोन दोन ठिकाणी मिळतो, एक खरा आणि एक इमेज, म्हणजे आयएफच्या दुप्पट अंतरावरची खोटी जागा. ट्रिमरची किंमत कमी असतानाचा खरा, कारण ऑसिलेटर स्टेशनच्या वर चालायला हवा. तपासायचं असं: जनरेटर १५ मेगाहर्ट्झवर ठेवून सेट १५ वर जमवला, की मग डायल १४.०९ च्या आसपास आणा, तिथे तोच टोन कमजोर ऐकू यायला हवा, आयएफच्या दुप्पट खाली. वर ऐकू आला तर चुकीच्या शिखरावर बसलात. दुसरी भानगड अशी की एरियल ट्रिमर फिरवला की ऑसिलेटर थोडा ओढला जातो, म्हणून डाव्या हाताने ट्यूनिंग नॉब सावकाश इकडे-तिकडे हलवत राहायचं आणि उजव्या हाताने ट्रिमर. (इथे मोजणी नाही, काडी प्लास्टिकची किंवा बांबूची आहे, आणि नॉब बेकेलाइटचा, म्हणून दोन्ही हात चालतात, तरी चासीच्या आत बोट नको.) शॉर्टवेव्हवर मेहनत घ्याच. २५ आणि ४१ मीटरवर ज्यांनी रात्री रेडिओ सिलोन पकडलंय त्यांना माहितीये की अर्धा मिलिमीटर काटा म्हणजे काय असतं.

एरियलला पंधरा-वीस फूट वायर बाहेर लांब सोडा. अर्थ पूर्वी नळाच्या पाइपला द्यायचे, आता पाइप प्लास्टिकचे, म्हणून जमिनीतली वेगळी अर्थ असेल तरच द्या.

सगळं जमल्यावर प्रत्येक कोअरवर मेणबत्तीचा एक थेंब. फेविक्विक नको, नेलपॉलिश नको, तुमच्यानंतर तो सेट कोणीतरी उघडणार आहे. कॅबिनेटच्या आत एक कागद चिकटवा: तारीख, आयएफ किती ठेवली, कोणते कंडेन्सर बदलले, कुठे किती व्होल्ट मिळाले. आत्याच्या सेटमध्ये असा कागद असता तर माझे दोन आठवडे वाचले असते.

आठवडाभर रोज तासभर वाजवा आणि थंड असताना आणि तापल्यावर ७९२ नेमकं कुठे लागतं ते पेन्सिलने मागच्या पट्टीवर खूण करून बघा. केसभर सरकणं चालतं. बोटभर सरकत असेल तर कोअर पुन्हा फिरवू नका, ऑसिलेटरच्या ग्रिडवरचा छोटा कंडेन्सर बदला, आणि मग वरचा ऑसिलेटरचा भाग पहिल्यापासून परत करा.